आम्ही विहिरीवर पाणी सोडले

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी. तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर, थर्मामीटरचा रिकामा खोका आणि चोच तुटलेलं चंचुपात्र यांच्या मध्ये मी बसलेली असते. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा केलाय. त्यावर लिहिलंय, 'साधे यंत्र क्रमांक ३ : स्थिर कप्पी.' वर्षातून एकदा गुरुजी मला बाहेर काढतात, फडक्यानं पुसतात आणि विचारतात, "स्थिर कप्पीने बळ वाचतं का?"

तुम्ही सगळे एका सुरात ओरडता, "नाऽऽही!"

"मग काय होतं?"

"बळाची दिशा बदलते!"

उत्तर बरोबर आहे. पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे, मात्र ते सांगायची सोय नाही. कुणी दोर ओढला तरच मी फिरते, आणि फिरले तरच माझ्या तोंडून काही निघतं. आपणहून एक फेरासुद्धा मला घेता येत नाही. म्हणून आज ही सगळी गोष्ट मनातल्या मनात सांगते आहे. ऐकू आली तर तुमचं नशीब, नाही तर माझं.

माझा जन्म १९६४ सालचा, पिंपरीजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यातला. त्या कारखान्याला आमच्याकडे सगळे नुसतं 'कंपनी' म्हणायचे. घरातल्या थोरल्या माणसाला कुणी नावानं हाक मारत नाही, तसं. तिथं बन्सी नावाचा एक तरुण कामगार काळ्या वाळूचे साचे भरायचा. त्याच्याच साच्यात लाल रस ओतला गेला आणि मी झाले. पण थंड होताना माझ्या कडेला हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला आणि तिथं हरभऱ्याएवढा खड्डा पडला. तपासणाऱ्या साहेबानं खडूनं माझ्यावर फुली मारली. रिजेक्ट! माझ्याबरोबर जन्मलेल्या बाकीच्या कप्प्या खोक्यांत बसून कुठल्या कुठल्या गावांना गेल्या. मी भंगाराच्या ढिगाकडे निघाले.

बन्सी फोरमनला म्हणाला, "साहेब, ही आमच्या विहिरीला द्या की."

"तुमच्या विहिरीला? कुठं आहे तुमची विहीर?"

"खंदतोय."

फोरमन हसला. "अरे, आधी पाणी तर लागू दे! चाक आधी आणि विहीर मागून?" पण माणूस बरा होता. त्यानं गेटपास लिहून दिला. अशी मी पाण्याच्या आधी विहिरीवर पोचले.

ती विहीर कशासाठी खणत होते, ते सांगायला हवं. कासारवाडीच्या पलीकडे ओढ्याच्या काठाला बौद्ध लोकांची तीसेक घरांची वस्ती होती. गावच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. कायद्यानं ती कधीच मोडली होती. गावानं मोडली नव्हती. वस्तीतल्या बायकांनी विहिरीच्या कट्ट्याखाली उभं राहायचं. वरच्या कुणा बाईला सवड झाली, की ती वरून पाणी घालणार. हिनं खाली वाकून घागर धरायची.

बन्सीची बायको चतुराबाई तेव्हा नवी नवरी होती. एके दिवशी ती अशीच घागर धरून वाकली. पाणी घालणारी अर्धी घागर घालून शेजारणीशी बोलत राहिली. लुगड्याच्या भावापासून जावेच्या तोऱ्यापर्यंत सगळं बोलून झालं. चतुराबाई तेवढा वेळ वाकलेलीच होती. ती घरी आली, अर्धी घागर दारात ओतून दिली आणि पुरुषमाणसांच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "पुन्यांदा मी वाकायची न्हाई. खंदा."

आणि ते खणायला लागले. पुरुष कंपनीत पाळीवर जायचे. पहिल्या पाळीचे सुटले की येऊन फावडं घ्यायचे. दुसऱ्या पाळीचे कामावर जायच्या आधी सकाळी खणून जायचे. भोंगा झाला की फावडं या हातातून त्या हातात. बायका पाट्या वर ओढायच्या. पस्तीस फुटांवर मुरूम ओला झाला आणि सोजरबाई नावाच्या म्हातारीनं तो चिखल उचलून सगळ्यांच्या कपाळाला लावला.

दोन दगडी खांब उभे केले, वर बाभळीचा दांडा टाकला आणि त्याला मला टांगलं. पहिला मान चतुराबाईचा. तिनं दोर धरला, पदर खोचला आणि खाली ओढला. मी कुर्र कुर्र करत फिरले. पोहरा वर आला आणि चतुराबाई होती तशी ताठ उभी. आधी तिलाच नवल वाटलं. मग ती हसत ओरडली, "अगं बायांनो, वाकावं न्हाई लागत!"

मित्रांनो, तुमच्या उत्तराचं उरलेलं अर्धं ते हेच.

पुढची बारा वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. पहाटे पहिल्या पाळीच्या डब्यांची घाई असायची, तेव्हापासून माझं काम सुरू व्हायचं. माझ्या कडेच्या त्या खड्ड्यामुळे की काय, मला कुरकुरायची खोड होती.

"सोजराक्का, चाक लई रडतंय बगा," एखादी म्हणायची.

"रडत न्हाई, माझ्या सासूवानी बोलतंय. काम करंल पन बोलल्याबिगर न्हाई."

"मंग तेल घाला की तिला!"

"सासूला? ती खोबरेलाची आख्खी बाटली प्याली, तरी बोलायची थांबली न्हाई!"

वस्तीवर मला कुणी कप्पी म्हणत नसे, 'चाक' म्हणत. बन्सीची लेक कस्तुरा माझ्याच खाली बसून अंकलिपी शिकली. दोराला गाठी मारून पाणी किती खोल आहे ते मोजायची. तिचं विज्ञान तिथंच सुरू झालं, पण तेव्हा त्याला कुणी विज्ञान म्हणत नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली. आमच्या विहिरीला हातभर पाणी होतं. एका दुपारी गावातल्या शेतकरी घरातली गवराबाई घागर घेऊन आली आणि आमच्या कट्ट्याच्या खाली उभी राहिली. चतुराबाईनं तिच्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता काय होतंय! चतुराबाई म्हणाली, "गवराबाई, खाली का उभ्या? वर या, दोर धरा. हितं कुनी कुनाला घालत न्हाई."

गवराबाईनं दोर ओढला. तिचा पहिला पोहरा वर येईपर्यंत मी जरासुद्धा कुरकुरले नाही. निदान मला तसं आठवतं.

मग शहात्तर साली कंपनीनं ओढ्याच्या वरच्या अंगाला नवं खातं काढलं. त्या खात्यात लोखंडी वस्तूंना चकाकी द्यायचे. ते धुतलेलं पाणी एका पाइपानं ओढ्यात यायचं. पहिल्यांदा ओढा पिवळट झाला. मग आमचा दोर ताठरला आणि पिवळा पडला. पितळेच्या घागरीला कितीही चिंच लावली तरी तोंड हिरवंच राही. डाळ शिजेना. सोजरबाईच्या नातवाच्या अंगावर खाज उठली. माझ्याही कडेला गंजाच्या खपल्या आल्या, आणि मी तर रोज फक्त थेंबच प्यायची.

चतुराबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या कंपनीला सांगा की."

"माझी कंपनी?" बन्सी म्हणाला. "मी तिथं वाळू भरतो, चतुरा. मालक न्हाई."

"चाक आनताना बरी तुमची व्हती."

बन्सीनं डबा उचलला आणि तो पाळीवर गेला. आणि खरं सांगते, तो टोला मलाही लागला. मी त्याच कंपनीची लेक. सासरच्या विहिरीत माहेरचं विष आलं आणि मी वर टांगून बघत बसले. ज्यांनी अर्ज करायचे त्यांनी केले. साहेबांनी ते ठेवून घेतले. बायका आधी प्यायचं पाणी स्टेशनाकडच्या नळावरून आणू लागल्या, मग धुण्याचंही. शेवटी माझा दोर कुणी सोडलाही नाही आणि कुणी ओढलाही नाही.

१९७९ साली गुरुजी वर्गात एक पत्रक घेऊन आले. तुमचे हेच गुरुजी, जयसिंग गुरुजी; तेव्हा केस जरा जास्त काळे होते. म्हणाले, "यंदाचं प्रदर्शन वेगळं आहे. विज्ञान एका बाजूला, भूगोल एका बाजूला असं नाही. सगळे विषय एकाच उपक्रमात आले पाहिजेत. नाव आहे 'तंत्रज्ञान, परिसर आणि समाज.' कुणाला काही सुचतंय?"

कस्तुरा सातवीत होती. ती उभी राहिली. "गुरुजी, आमची विहीर आणू?"

वर्ग हसला. "डोक्यावर आणशील का पाठीवर?" मागून एक जण म्हणाला.

"चाक आणते," कस्तुरा म्हणाली. "बाकीची कागदाची करू."

बन्सीनं मला खांबावरून उतरवलं. गुरुजी स्वतः आले होते. म्हणाले, "प्रदर्शन झालं की चाक परत."

पोरींनी महिनाभर काम केलं. कागदाच्या लगद्याची विहीर केली, तिच्यावर मला टांगलं. मागं वस्तीचा, ओढ्याचा आणि कंपनीचा नकाशा. पुढं पाण्याच्या तीन बाटल्या: पाइपाच्या वरचं पाणी, पाइपाच्या खालचं पाणी आणि विहिरीचं पाणी. रंगपेटीतला पिवळा त्यांना लागलाच नाही. आणि पाटीवर कस्तुरानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

'कंपनी ओढ्यात पाणी सोडते. आम्ही विहिरीवर पाणी सोडले.'

बन्सीनं ते दोनदा वाचलं. "कंपनीचं नाव नको गं घालूस."

"नाव कुठं घातलंय, दादा? नुसतं 'कंपनी' लिवलंय."

"आपल्यात तेच नाव हाय," तो म्हणाला. पाटी सरळ केली. मग म्हणाला, "असू दे. खोटं न्हाई."

कस्तुराला बक्षीस नको होतं, हे मला माहीत आहे, कारण ती माझ्याशी बोलायची. तिला कळलं होतं की प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत. वस्तीतले जाणते म्हणत होते, ओढ्यातलं पाणी आत्ता थांबलं आणि उन्हाळ्यात गाळ काढला, तर दोन पावसाळ्यांत विहीर सुधारेल. उशीर झाला तर कायमची गेली. "ते बगतील," कस्तुरा मला पुसताना म्हणायची, "त्यांनी अजून बगितलंच नसंल ना? बगितलं की बंद करतील."

मी फिरले नाही. तिनं दोर धरलेला नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी आधी तीन परीक्षक आले. विज्ञानाच्या सरांनी मला एक गिरकी दिली. "या यंत्राचा यांत्रिक फायदा किती?"

"एक, सर. म्हणजे फायदा न्हाई. जेवढं वजन तेवढंच बळ."

"शाब्बास." त्यांनी दहापैकी नऊ गुण लिहिले.

"सर, बाटलीतलं पाणी बघता?"

"ते रसायनशास्त्र झालं, बाळ. ते हायस्कूलला."

भूगोलाच्या सरांनी नकाशावर पट्टी ठेवून बघितली आणि उत्तर दिशेचा बाण काढला म्हणून पाठ थोपटली. मराठीच्या बाई पाटीपाशी थांबल्या, वाचलं आणि टाळीच वाजवली. "अगंबाई, श्लेष! 'पाणी सोडणे' दोन्ही अर्थांनी! ओढ्यात सोडलं ते वेगळं आणि विहिरीवर सोडलं ते वेगळं. कुणी सुचवलं गं?"

"कुणी न्हाई, बाई," कस्तुरा म्हणाली. "तसंच झालं."

"किती सहज!" असं म्हणून बाईंनी दहापैकी दहा दिले.

मित्रांनो, सगळे विषय एकत्र यावेत म्हणून तो उपक्रम होता. सगळे विषय आले, आपापला वाटा बघून गेले. कस्तुरा सगळ्या विषयांत पहिली आली. ओढा मात्र कुणाच्याच विषयात नव्हता.

दुपारी पाहुणे साहेब आले. ते मूळचे उत्तरेकडचे, मराठी अक्षर लावून लावून वाचणारे. माणूस उर्मट नव्हता. उर्मट असता तर मला राग तरी धरता आला असता. आमच्या टेबलापाशी ते थांबले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले, "कंपनी... ओढ्यात... पाणी सोडते. आम्ही... विहिरीवर... पाणी सोडले." त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा! मतलब कंपनीने विहिरीला पण पाणी दिला? बहुत बढिया!"

'आम्ही' म्हणजे कोण, हे ज्याच्या त्याच्या वाचण्यावर असतं. साहेबांना 'आम्ही' म्हणजे तेच वाटले. त्यांनी सोडलं म्हणजे दिलं, असं त्यांना वाटलं.

हेडमास्तर हसले. ते का हसले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. कस्तुरा म्हणाली, "साहेब, तसं न्हाई—" आणि तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं पालकांमध्ये बन्सी उभा होता, कंपनीचा धुतलेला खाकी शर्ट घालून. त्यानं नाही म्हणून मान हलवली. अगदी एवढीशीच, बाकी कुणाला दिसली नसेल. तिला दिसली.

कस्तुराचं तोंड बंद झालं. पण दोर तिच्या हातात होता. तिनं तो ओढला.

मी माझ्या जन्मात कुरकुरले नव्हते तेवढी कुरकुरले. गंजानं, खपल्यांनी, त्या हरभऱ्याएवढ्या खड्ड्यानं, जे जे होतं त्या सगळ्यानं. सगळा वर्ग वळून बघू लागला. साहेबांनी कानावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, "अरे भाई, इसको जरा तेल डालो!"

त्यांच्याबरोबरचा माणूस धावत गाडीकडे गेला आणि बुधली घेऊन आला. कंपनीचंच तेल होतं, उत्तम प्रतीचं. माझ्या दोन्ही बाजूंनी सोडलं. कस्तुरानं पुन्हा दोर ओढला. मी फिरले. काहीच आवाज झाला नाही.

भाषणात साहेब म्हणाले की मुलांनी कंपनीचे इतके सुंदर आभार मानले आहेत, तर कंपनीही मागे राहणार नाही. वस्तीसाठी कंपनीच्या भिंतीबाहेर पाण्याचा नळ बसवण्यात येईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. कस्तुराला पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी.

नळ खरोखरच आला, दीड महिन्यात. पाणी चांगलं आहे, गोड आहे. उगाच नावं ठेवणार नाही. त्याच महिन्यात विहिरीत पोरं पडू नयेत म्हणून तिच्यावर फरशी टाकली. ओढा आहे तसाच पिवळा आहे. वस्तीला नळ मिळाल्यावर ओढ्याचं कुणी कशाला विचारेल?

परवा, म्हणजे या ब्याऐंशीच्या जूनमध्ये, कस्तुरा शाळेत जन्मतारखेचा दाखला न्यायला आली होती. उंच झाली आहे, आईसारखी. गुरुजींनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. "कस्तुरा, तुझं चाक राहिलंच बघ माझ्याकडे. शब्द दिला होता. घेऊन जा."

"नेऊन लावू कुठं, गुरुजी?"

गुरुजी चष्मा पुसत बसले. "नळाची सोय झाली ना पण?"

"झाली की. वॉचमन नऊ वाजता आतनं कॉक सोडतो, दहाला बंद करतो. त्याला येळ झाला तर बाया उभ्या ऱ्हात्यात." तिनं गुडघ्याशी हात नेला. "नळ लई खाली बसवलाय, गुरुजी. गुडघ्याएवढा. आई वाकून घागर धरती."

"उंच करून मागू या आपण. मी अर्ज लिहून देतो."

"आई म्हणती, उंच करून काय व्हतंय? घालनारा वरच हाय."

कस्तुरानं मला हातात घेतलं. माझ्या खाचेत दोराचा एक तुकडा अजून अडकलेला होता, ताठर, पिवळा. एका हातानं तिनं मला वर धरलं आणि दुसऱ्या हातानं तो दोर ओढला. तीन वर्षांनी कुणीतरी मला ओढत होतं. मी जीव खाऊन फिरले. पण तेल चांगलं होतं.

तिनं मला फळीवर ठेवलं, पुठ्ठा सरळ केला आणि गेली.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी गुरुजी विचारतील तेव्हा 'बळाची दिशा बदलते' एवढं म्हणून थांबू नका. पुढं म्हणा, 'आणि ओढणाऱ्याला वाकावं लागत नाही.' त्याला गुण नाहीत; एखादा कापलाही जाईल. आणि कुठं काही कुरकुरताना ऐकलंत, तर माझी हात जोडून विनंती आहे (हात नाहीत, तरी जोडते), तेलाची बुधली लगेच आणू नका. आधी कट्ट्यावर चढा आणि दोराच्या खालच्या टोकाला काय आहे ते एकदा वाकून बघा. तेवढ्यासाठी वाकलेलं चालतं.